वाटी, रस्सीखेच आणि तीस वर्षांचं यंत्र

"भावजी, तुमचं ते कुंई कुंई करणारं यंत्र अजून चालतं का हो?"

शनिवारी रात्री साडेनऊला वहिनींचा फोन. मागून काकूंचा आवाज येत होता, "अगं, तुटलं म्हणू नकोस, वाढलं म्हण." काय झालं ते तेवढ्यावरूनच कळलं.

त्या दिवशी आमच्या मराठी मंडळाची सहल होती. इंग्लंडमध्ये, केंट परगण्यात, नॉर्थ डाउन्स टेकड्यांच्या उतारावर एका शेतकऱ्याचं मेंढ्यांचं कुरण आहे, ते दिवसभरासाठी भाड्याने घेतलं होतं. साठेक माणसं, लंगडी, लगोरी, रस्सीखेच, आणि घराघरातून अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून आणलेल्या पोळ्या. या फॉइलकडे लक्ष असू द्या, पुढे तेच नडणार आहे. घरी परतल्यावर वहिनींचा हात गळ्याशी गेला तर मंगळसूत्र नाही. कपड्यांत अडकलेला काळ्या मण्यांचा बोटभर तुकडा तेवढा मिळाला. बाकीचा सर, आणि सोन्याच्या दोन्ही वाट्या, एक माहेरची आणि एक सासरची, गायब. सासूबाई म्हणजे आमच्या काकू, महिन्याभरासाठी साताऱ्याहून आलेल्या. त्यांनी आरडाओरडा न करता डब्यातलं हळकुंड काढलं, दोऱ्यात बांधून सुनेच्या गळ्यात घातलं आणि मगच मुलाला, म्हणजे माझ्या मित्राला, म्हणाल्या, "आता शोधा."

यंत्र कोणतं

माझ्याकडचा मेटल डिटेक्टर टेसोरो कंपनीचा आहे, बँडिडो टू मायक्रोमॅक्स, नव्वदच्या दशकातला. मी तो एका निवृत्त पोस्टमनकडून घेतला. जॅक गिफर्ड नावाच्या इंजिनिअरने 1980 साली अमेरिकेत ही कंपनी काढली, ॲरिझोनातल्या प्रेस्कॉट गावात तिचा कारखाना होता, आणि 2018 मध्ये ती बंद झाली. त्यामुळे आता बिघडलं तर आपणच सोल्डरिंग गन घेऊन बसायचं. आमच्या गॅरेजातल्या ओलीने एकदा त्याची बटणं फिरवताना खरखरायला लागली होती. कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे मारले आणि खरखर थांबली.

त्याला पडदा नाही, आकडे नाहीत, मेनू नाही. तीन-चार बटणं, एक नऊ व्होल्टची बॅटरी आणि हेडफोनमध्ये एकच सूर. दांड्याच्या टोकाला ताटलीएवढी कॉइल असते. तिच्यातल्या बाहेरच्या वेटोळ्यातून सुमारे दहा हजार हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. खाली धातू असेल तर त्यात भोवरे प्रवाह, म्हणजे भोवऱ्यासारखे गोल फिरणारे विजेचे प्रवाह, निर्माण होतात, आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र आतल्या वेटोळ्यात उमटतं. ते थोडं उशिराने उमटतं, आणि उशीर किती हे धातूच्या वाहकतेवर, जाडीवर, आकारावर ठरतं. यंत्राला कळतो तो एवढा उशीर. सोनं की पत्रा, हे त्याच्या गावीही नसतं.

यात दोन पद्धती आहेत. 'ऑल मेटल'मध्ये कानात सतत एक बारीक गुणगुण ठेवायची, डास कानाच्या आसपास असावा इतपत, आणि ती कुठे फुगते ते ऐकायचं. धातू कुठलाही असो, ती फुगते. दुसरी 'डिस्क्रिमिनेशन'. यात यंत्र गप्प असतं, आणि ठरावीक उशिराच्या वरच्या वस्तूंनाच आवाज देतं. ती मर्यादा एका बटणाने ठरते. बटण जसजसं वर न्यावं तसे आधी खिळे गप्प होतात, मग फॉइल, मग कॅनच्या झाकणाच्या कड्या, शेवटी तांब्या-चांदीची नाणी तेवढी बोलतात. माझ्या बटणाभोवती मी स्वतः पेन्सिलीने खुणा केल्या आहेत: खि, फॉ, क, ना. नवीन मशीनवाल्यांना याचं हसू येतं.

पहिली संध्याकाळ: चुकलो

शेतकऱ्याला रविवारी सकाळी फोन केला. इंग्लंडमध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय डिटेक्टर चालवता येत नाही, आणि संरक्षित स्मारकाच्या जागी तर शासनाची लेखी परवानगी नसेल तर तो गुन्हाच. 1996 च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे तीनशे वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची वस्तू मिळाली तर चौदा दिवसांत कोरोनरला, म्हणजे अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. आपलं मंगळसूत्र अर्थातच आपलंच, पण ते शोधताना दुसरं काही वर आलं तर काय करायचं, हे मालकाशी आधी बोलून घेतलेलं बरं. आपल्याकडच्या वाचकांसाठी जाता जाता: 1878 चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट अजून लागू आहे आणि दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा पुरलेला ठेवा मिळाला तर कलेक्टरला कळवणं बंधनकारक आहे. गडकिल्ल्यांवर हे यंत्र घेऊन फिरणाऱ्यांचे व्हिडिओ मी पाहिले आहेत. त्यांना माझा नमस्कार, लांबूनच.

शेतकऱ्याच्या अटी दोन होत्या. फाटक उघडं ठेवायचं नाही, आणि खड्डा राहता कामा नये, मेंढीचा पाय मोडतो.

जूनमध्ये इथे नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. संध्याकाळी सहाला मी, माझा मित्र, वहिनी आणि मंडळातल्या एकांचा कॉलेजात जाणारा मुलगा असे चौघे पोचलो. मुलाकडे कोरं डिजिटल मशीन होतं, एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी सोडणारं, प्रत्येक वस्तूला पडद्यावर आकडा देणारं. मी यंत्र सुरू केलं, कॉइल जमिनीवर वरखाली करत ग्राउंड बॅलन्सचं बटण जुळवलं, म्हणजे जमिनीतल्या लोहामुळे यंत्र उगाच वाजत नाही. केंटची ही जमीन खडूची, त्यात गारगोट्या. लोह फार नाही, त्यामुळे मिनिटभरात जुळलं. गावी रत्नागिरीला जांभ्यावर हेच करायला बसलो असतो तर अर्धी संध्याकाळ त्यातच गेली असती, कारण जांभा म्हणजे जवळजवळ गंजलेलं लोखंडच.

आणि मग पोळ्यांनी छळलं. दर दोन पावलांवर आवाज, वाकून पाहावं तर गवतात फॉइलचा कपटा. साठ माणसांनी फॉइल फाडलं होतं, आणि आपण कितीही 'कचरा उचला' म्हटलं तरी नखाएवढे तुकडे राहतातच. विसाव्या कपट्याला माझा धीर सुटला. फॉइलची एक गोळी जमिनीवर ठेवली, बटण हळूहळू वर नेलं, गोळी गप्प झाली तिथे थांबलो. आता शांतता. त्या शांततेत दोन तास आरामात फिरलो. बिअरच्या बाटलीची बुचं मिळाली, काडतुसांची पितळी बुडं मिळाली, पाचव्या जॉर्जचा 1912 चा एक पेनी मिळाला. वाट्या नाहीत.

मुलाच्या मशीनलाही काही मिळालं नाही. तो पडद्यावरचा आकडा बघायचा, "फॉइल आहे, काका," म्हणायचा आणि पुढे जायचा.

घरी येताना गाडीत वहिनी काही बोलल्या नाहीत. मित्र दोनदा म्हणाला, "कुणी उचललं तर नसेल?" या प्रश्नाला उत्तर नसतं, आणि त्याने मंडळात उगाच वातावरण मात्र बिघडतं. मी त्याला गप्प बसवलं.

स्वयंपाकघराच्या मागच्या अंगणात

जे मी आधी करायला हवं होतं ते सोमवारी केलं. काकूंना म्हटलं, "काकू, तुमचं मंगळसूत्र पाच मिनिटं देता का?"

"गळ्यातलं काढून देऊ?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच मागे सरलो. मग त्यांनीच तोड काढली. वहिनींच्या वाट्या करताना सोनाराने आधी एक लहान जोड केला होता, तो पसंत पडला नव्हता, पण मोडला नव्हता. तो डबीत होता. शिवाय वहिनींच्या सराचा बोटभर तुकडा होताच.

मागच्या हिरवळीवर, पाइप-वायर नसलेली जागा बघून, आधी सराचा तुकडा ठेवला. कॉइल अगदी टेकवली तरी यंत्र ढिम्म. हे अपेक्षित होतं. बारीक तारेच्या कड्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या असतात, वीज एका कडीतून दुसरीत नीट जात नाही, म्हणून यंत्राला साखळी अशी दिसतच नाही. दिसते ती एकेक कडी, आणि एक कडी म्हणजे काहीच नाही. सोन्याची साखळी शोधायची म्हणजे तिच्या फाशाला किंवा पदकाला शोधायचं. आपल्याकडे ते काम वाट्या करतात.

मग वाटी ठेवली. पालथी, सपाट. चार बोटं वरून छान गोल आवाज. तीच वाटी मातीत उभी खोचली तर बोटभर अंतरावरूनही जेमतेम. भोवरे प्रवाहाला फिरायला वर्तुळ लागतं, आणि कडेवर उभी वाटी कॉइलकडे नुसती रेघ दाखवते.

आता बटण. वाटीवरून कॉइल हलवत ठेवून दुसऱ्या हाताने डिस्क्रिमिनेशन किंचित किंचित वर नेलं. आवाज आधी तुटक झाला, मग बंद. खूण बघितली. 'फॉ'च्या अलीकडे! म्हणजे काल फॉइलची गोळी गप्प करताना मी वाटीलाही गप्प केलं होतं. कॉइल तिच्यावरून गेलीही असेल, कदाचित दोनदा.

मुलाला फोन करून मशीन घेऊन बोलावलं. त्याच्या पडद्यावर वाटीला जो आकडा आला तोच कालच्या बहुतेक कपट्यांना येत होता. त्याचा चेहरा पडला. त्याचं मशीन माझ्यापेक्षा कितीतरी ताकदीचं आहे, समुद्राच्या ओल्या वाळूवर तर माझं यंत्र त्याच्यापुढे उभंही राहणार नाही. पण पातळ सोनं आणि पातळ अॅल्युमिनियम यांचा उशीर सारखाच असतो, आणि ते पडद्यावर दाखवा की कानात वाजवा, फरक पडत नाही. "सोन्याचा आवाज वेगळाच येतो" म्हणणारे लोक मला बरेच भेटले आहेत. मला तो वीस वर्षांत ऐकू आलेला नाही.

थोडक्यात, मार्ग एकच. बटण तळाला, आणि वाजेल ते सगळं उचलायचं. पण मग अख्खं कुरण नाही, जागा लहान करायला हवी.

फोटो

जागा लहान केली ती वहिनींनी. मंडळाच्या ग्रुपवर सहलीचे दोनशे-अडीचशे फोटो पडले होते. त्या रात्री जागून त्यांनी प्रत्येक फोटोत आपला गळा पाहिला. एक वाजून दहा मिनिटांनी जेवताना आहे. दोन चाळीसला लंगडीत आहे. तीन वाजून पाच मिनिटांनी रस्सीखेच सुरू होताना, दोर खांद्यावरून घेतलेला, आहे. तीन पंचेचाळीसला चहाच्या रांगेत नाही.

"भावजी, मी सगळ्यात मागे होते. दोर कमरेला गुंडाळायचा तर मी मानेवरून घेतला," त्या म्हणाल्या. काकू आतून म्हणाल्या, "सांगत होते, पंजाबी ड्रेसवर मंगळसूत्र आत घाल म्हणून."

रस्सीखेचीची जागा शोधणं सोपं होतं. टाचा रोवल्याचे ओरखडे गवतात स्पष्ट दिसत होते. मंगळवारी संध्याकाळी आम्ही बांबूच्या काड्या आणि सुतळीने तिथे चोवीस मीटर लांब, सहा मीटर रुंद चौकट आखली. तंबूच्या खुंट्या वापरायचा मोह होतो, पण त्या पोलादाच्या, प्रत्येक खुंटीपाशी यंत्र किंचाळतं. चौकटीचे मीटरभर रुंदीचे आडवे पट्टे केले.

या कॉन्सेंट्रिक, म्हणजे एकात एक वेटोळी असलेल्या, कॉइलचं क्षेत्र जमिनीत शंकूसारखं निमुळतं होत जातं. वरती ताटलीएवढं, खाली टोक. म्हणून प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या अर्ध्यावर चढवावी लागते, नाहीतर मधे न पाहिलेल्या पाचरी राहतात. त्याच शंकूचा फायदा असा की वस्तू बरोबर कॉइलच्या मध्याखाली असते, खुरपं नेमकं तिथेच टाकता येतं. हो, खुरपंच. इथल्या दुकानांत डिटेक्टरवाल्यांसाठी महागडे चाकू मिळतात. मी गावच्या लोहाराचं खुरपं वापरतो. गवताची तीन बाजूंनी चकती कापायची, चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवायची, काम झालं की चकती परत बसवून पायाने दाबायची. दोन दिवसांनी जागा ओळखू येत नाही.

माझा वेग लोकांना असह्य होतो. एका पट्ट्याला दहा मिनिटं. कॉइल गवतावर जवळजवळ घासत, डावीकडून उजवीकडे, न उचलता. मुलगा आता माझ्यामागे बादली घेऊन कपटे गोळा करत होता. त्याने सहाव्या पट्ट्यानंतर हेडफोन मागितला. मी दिला. पाच मिनिटं ऐकून म्हणाला, "काका, यात दोन आवाज एकमेकांत मिसळतात ते कळतं की." कळतं. सूर चढतो कसा, उतरतो कसा, उतरताना मागे शेपूट राहतं का, हे सगळं कानाला मिळतं, कारण मधे कुठलाही प्रोसेसर आपला विचार करून मत देत नाही. जुन्या यंत्राबद्दलचा माझा लोभ म्हणाल तर एवढाच आहे.

त्या संध्याकाळी चौदा पट्टे झाले, बुधवारी उरलेले. फॉइलचे त्रेसष्ट तुकडे, कॅनच्या चार कड्या, नऊ बुचं, शिशाचा एक गोळा. बुधवारी साडेआठला, अठराव्या पट्ट्यात, टाचेच्या एका ओरखड्याच्या कडेला गुणगुण किंचित फुगली. फुगली म्हणणंही जास्त आहे, डास जरा जवळ आला एवढंच. डिस्क्रिमिनेशनवर तीच जागा पूर्ण गप्प. नव्वद अंशांत वळून दुसऱ्या दिशेने कॉइल फिरवली, पुन्हा तेवढीच फुगवटी. चकती उघडली. दोन बोटांवर काळे मणी दिसले, मग मातीत उभी घुसलेली वाटी, आणि तिला धरून सराचा वीतभर भाग. कुणाचीतरी टाच तिच्यावर पडली होती. एक कड चेपली होती.

वहिनींनी ती ओढणीला पुसून पाहिली. "सासरची," म्हणाल्या. मग हसल्या आणि रडल्या, दोन्ही.

दुसरी वाटी

उरलेले पट्टे झाले, मग त्याच चौकटीत उभ्या दिशेने पुन्हा एकदा. काही नाही. अंधार पडला. मित्र म्हणाला, एक मिळाली हेही नशीब. वहिनींचा चेहरा बघून मला ते पटलं नाही. माहेरची वाटी त्यांच्या आईने केलेली, आणि आई आता नाही.

रात्री पडल्या पडल्या मी उलट बाजूने विचार केला. सर दोराने तुटला. एक तुकडा कपड्यात राहिला, एक जमिनीवर पडला. म्हणजे तिसऱ्या भागाला जायला तिसरीच जागा उरते, ती म्हणजे दोर. दोर खेळानंतर गुंडाळून गोणपाटाच्या पोत्यात गेला होता, आणि पोतं मंडळाच्या सचिवांच्या गॅरेजात होतं.

गुरुवारी यंत्र घेऊन तिथे गेलो आणि फजिती झाली. गॅरेजात लोखंडी रॅक, सायकली, काँक्रीटमध्ये सळ्या. यंत्र सुरू करताच जे किंचाळलं ते थांबेचना. 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला टेलिफोनवाले ग्रॅहम बेल आपलं यंत्र घेऊन गेले होते. तेही असंच नको तिथे वाजत राहिलं, गादीतल्या पोलादी स्प्रिंगांमुळे. बेलना गोळी मिळाली नाही. मी यंत्र बंद करून गाडीत ठेवलं, पोतं बाहेर हिरवळीवर आणलं, जुनी चादर अंथरून त्यावर उपडं केलं. दोर वेटोळ्या-वेटोळ्याने सोडवला. काही नाही. पोतं उलटं करून झटकलं. गवत, वाळलेली माती, एक कानातलं (ते कुणाचं ते अजून ठरलेलं नाही), आणि शिवणीच्या कोपऱ्यात धाग्यांत अडकलेली वाटी.

काकूंनी दोन्ही वाट्या दुधाने धुतल्या. चेपलेली कड सोनाराकडून सरळ करून घ्यावी असं मित्राचं मत पडलं. काकू म्हणाल्या, साताऱ्याला नेते, आपल्या पटवेकऱ्याकडून नवीन पोतीत ओवून आणते, इथल्या तारेवर माझा विश्वास नाही. तोवर हळकुंड.

शुक्रवारी मी शेतकऱ्याकडे गेलो, पेनी आणि शिशाचा गोळा द्यायला, कारण त्याच्या जमिनीतलं ते त्याचं. गोळा त्याने खिडकीत ठेवला. फॉइलची बादली बघून तो जास्त खूश झाला, कोकरं ते चघळतात. मग म्हणाला, तीन वर्षांपूर्वी खालच्या शेतात ट्रॅक्टरच्या ट्रेलरची जाड पिन पडली आहे, बघशील का? मी त्याला सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावाची गोष्ट सांगितली. 1992 च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला, म्हणून त्याचा मित्र एरिक लॉज निवृत्तीत भेट मिळालेला डिटेक्टर घेऊन गेला. हातोड्याआधी रोमन काळातली सुमारे पंधरा हजार नाणी आणि सोन्याचे दागिने निघाले. त्याने पुढे न खणता खबर दिली, उरलेलं पुरातत्त्ववाल्यांनी नीट काढलं. हातोडाही सापडला, आणि तोही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

त्याला ती गोष्ट माहीत होती. "मला पिनच हवी आहे," तो म्हणाला.

पिन लोखंडाची, वीतभर लांब. म्हणजे डिस्क्रिमिनेशन पुन्हा नको, ऑल मेटलच. मुलगा येतो म्हणाला आहे. बॅटरी नवीन घेतली.